उशी, हिरवा दिवा आणि धाकटा

कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत
ता. ४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कळवण्यास अत्यंत दुःख होते की, माझ्या पन्नाशीला तू भरतकाम करून दिलेली उशी काल आमच्या कारखान्याने जप्त केली. गुन्हा: निद्रेस उत्तेजन. ती रोज माझ्या आधी खुर्चीत हजर असे आणि मी घरी गेल्यावरही जागा सोडत नसे. शिफ्ट इन्चार्ज म्हणून माझ्यापेक्षा तिचीच हजेरी चोख होती. तिला एका पारदर्शक पिशवीत घालून नेलं. तिच्यावरचं बदक, ज्याला तू हंस म्हणतेस, ते जाताना माझ्याकडे बघत होतं. उरली नुसती लोखंडी खुर्ची. तिच्यावर बसणं म्हणजे शिक्षा भोगणं, म्हणून सध्या मी उभ्यानेच राज्य करतो.

जप्ती करणारे गृहस्थ नवीन आहेत. हुद्दा ‘कार्यक्षमता व दक्षता अधिकारी’. गळ्यात शिट्टी असते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणतात. शेजारच्या कारखान्यात एक झिंगलेला माणूस यंत्रात हात घालून बसला, आणि आमच्या मालकांना शहाणपण सुचलं. आता रोज सकाळी फाटकावर आमची परीक्षा. नळीत फुंकायचं, पिवळ्या रेघेवरून चालायचं, पडद्यावर ठिपका उमटला की बटण दाबायचं. मग एक तोंडी प्रश्न, काही औषध चालू आहे का. सगळे नाही म्हणतात, कारण हो म्हटलं की घरी. एवढं झालं की हिरवा दिवा लागतो आणि माणूस कामाला लायक ठरतो.

पहिल्याच दिवशी म्हातारा पहारेकरी नापास झाला. या माणसाने जन्मात चहापलीकडे काही घेतलेलं नाही. पायाला कुरूप आहे म्हणून रेघेवर डगमगला. त्याला त्याच्याच फाटकाबाहेर काढलं आणि मग फाटक लावायला कुणी उरलं नाही. उलट आमचा स्टोअरकीपर, ज्याच्या कपाटातल्या थिनरच्या बाटलीत काय असतं ते रंगाऱ्यांनाही माहीत आहे, तो मात्र हिरवागार. तो पितो ते आत आल्यावर. शास्त्र ते शास्त्र.

आपल्या धाकट्याची चिंता नको. तोही रोज हिरवा. पण तो वर क्रेनच्या केबिनमध्ये, आणि खाली माणसांच्या डोक्यावरून पोलादाच्या अवजड कॉइल, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळ्या, फिरवत असतो, तेव्हा त्याची परीक्षा मी माझी वेगळी घेतो. वॉकीटॉकीवर मधूनच म्हणतो, देव शब्द चालव. लगेच वरून देवः देवौ देवाः सुरू. बाबांनी घोटून घेतलेलं संस्कृत असं पोलादाच्या कामी येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. तो सप्तमीपर्यंत न चुकता आला की मला कुठल्या दिव्याची गरज पडत नाही. खालच्या लोकांना वाटतं, आम्ही दोघे भाऊ मंत्र घालून कॉइल उचलतो.

गेल्या वर्षी शिडीवरून घसरून त्याची कंबर दुखावली होती, ती आता बरी आहे म्हणतो. फोन का करत नाही असं विचारू नकोस. फोनवर तू माझं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीस.

घरी सर्वांना यथायोग्य. लोभ उशीबरोबर जप्त झाला नसेल, अशी आशा आहे.

तुझा,
पंडित

घरून
ता. १० फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. उ. आ.

तो हंसच आहे. मान नीट बघितली असतीस तर कळलं असतं, पण त्या मानेवर तू इतकी वर्षं पाठ टेकून बसलास. उशी गेली ते बरंच झालं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने थोडं उभं राहावं.

आता ऐक. परवा धाकट्याच्या बायकोचा फोन आला होता. बिचारी आधी इकडचं तिकडचं बोलत राहिली, मग रडायला लागली. त्याची कंबर बरी नाही. कारखान्याच्याच डॉक्टरने गोळ्या दिल्यात, एकेक घ्यायला सांगितली होती, हा दोन-दोन घेतो. सकाळी मोजे घालायला बसला तो एक मोजा हातात धरून तसाच झोपला. हलवलं तर म्हणतो, मी जागाच आहे, मोज्याचा विचार करत होतो. फाटकावर खरं सांग म्हणून ती मागे लागली, तर तिच्यावरच उखडला. सांगितलं तर खाली बसवतील म्हणे, आणि खाली बसायला तो काही म्हातारा झालेला नाही. हे तुला फोनवर सांगणार नाही असं तिने माझ्याकडून वदवून घेतलंय. म्हणून पत्र लिहिते आहे. शब्द मोडला असं कुणी म्हणायला नको.

तुझी ती मंत्रपरीक्षा वाचून मला हसू आलं नाही. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. गोळ्यांच्या गुंगीतली माणसं किती छान बोलतात ते मला विचार. नाव सांगतात, वार सांगतात, मुलांची चौकशी करतात. पाच मिनिटांनी पुन्हा गेलं की म्हणतात, सिस्टर, तुम्ही कधी आलात. बोलण्यावर जाऊ नकोस. वर चढ आणि त्याचं तोंड बघ.

तुझा शिट्टीवाला कसाही असो, औषधाचं विचारतो तरी. तू विचारलंस का?

औषध वेळेवर घे, म्हणजे तुझं रक्तदाबाचं. आशीर्वाद आहेतच, ते ऐकण्याच्या अटीवर.

ताई

कारखान्यातून
ता. १५ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नणंद आणि भावजय यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, ही माझ्या मते या महिन्यातली सर्वांत मोठी बातमी आहे. बाकी तुमच्या दोघींच्या संयुक्त निदानाबद्दल आभार.

तुझी आज्ञा शिरसावंद्य मानून मी धाकट्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, ताईला निवृत्तीनंतर पेशंट मिळत नाहीत म्हणून ती घरातलेच गोळा करते. गोळ्या घेतो, नाही असं नाही, पण सगळेच काही ना काही घेतात. तू नाही का सकाळी मूठभर गिळत, म्हणाला. यावर मी विषय बदलला, कारण औषधाचं विचारलं की फाटकावर मीही रोज नाही म्हणतो.

वर चढायचं म्हणशील तर ती शिडी उभी आहे आणि माझे गुडघे आडवे आहेत. पण परीक्षा मात्र कडक केली. देव झाला, नदी झाली, मग मी मुद्दाम वधू टाकला, जिथे मी स्वतः दोनदा अडखळतो. वरून एकामागून एक रूपं अशी आली की काय सांगू. ना घाई, ना चूक, ना श्वास. एका सुरात. बाबा असते तर त्यांनी त्याला दुधाचा पेला दिला असता आणि मला अंगठे धरून उभं केलं असतं. आता तूच सांग, माणूस गुंगीत असता तर इतकं शुद्ध आलं असतं का?

नेमके तेवढ्यात शिट्टीसाहेब मागे येऊन उभे राहिले. ही कसली भाषा आणि ही पद्धत कुणी तपासून पाहिली आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अडीच हजार वर्षं तपासणी चालू आहे, अहवाल यायचा आहे. ते हसले नाहीत. त्यांच्या नोकरीत हसणं बसत नसावं. उलट मलाच विचारलं की, उत्तर बरोबर येणं आणि माणूस जागा असणं या दोन गोष्टी एकच, असं मी कशावरून धरलं. मी म्हणालो, बटण दाबता येणं आणि जागा असणं हे एकच असं आपण धरलंय त्यावरून. गडी शिट्टी सावरत निघून गेला. दिवसभर मी खुशीत होतो.

तेव्हा निश्चिंत राहा. भावजयीला सांग, मोजे त्याला आदल्या दिवशीच घालून ठेव. कृपा आहे तशी राहू दे, तपासणी नको.

तुझा,
पंडित

घरून
ता. १९ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि हातातलं काम टाकून बसले आहे.

अरे, त्याला ते झोपेतच येतं.

बाबा आपल्याला पहाटे उठवायचे ते आठव. आपण दोघं डोळे चोळत बसायचो आणि धाकटा कोपऱ्यात भिंतीला टेकून डोळे मिटून सगळे शब्द घडाघडा चालवायचा. बाबा म्हणायचे, बघा एकाग्रता. एकाग्रता कसली, तो गाढ झोपलेला असायचा. शेवटी तूच पैज लावलीस आणि दौतीत बोट बुडवून त्याच्या नाकाला शाई लावलीस. हा षष्ठीत होता, षष्ठीतून सप्तमीत गेला, जराही हलला नाही. तसाच निळ्या नाकाने शाळेत गेला आणि घरी येऊन दिवसभर रडला. आपण किती हसलो होतो. ते नाक तू विसरलास?

तुला एका सुरात, न श्वास घेता ऐकू आलं म्हणतोस. जागा असताना तो कधी तरी न चुकता म्हणाला आहे का? जागेपणी तो वधूला हमखास अडखळायचा.

हे पत्र मिळेल त्या क्षणी वर चढ. गुडघ्यांचं मी आल्यावर बघते.

ताई

घरून
ता. १९ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न.

हे तुझ्या कुठल्याही पत्राचं उत्तर नव्हे. कुणाला काही लागलेलं नाही, हे आधी लिहितो म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

आज फाटकावर धाकटा हिरवा होता. माझ्यापेक्षा लवकर बटण दाबलं त्याने. मला दोनदा दाबायला लावलं. जेवणाच्या सुट्टीआधी शेवटची कॉइल उचलायची होती. मी टेबलाशी उभा होतो, सवयीने म्हणालो, देव चालव. त्याने सुरू केलं. खाली इशारे देणाऱ्याने हात वर केला, थांब म्हणून. कॉइल थांबली नाही. वेगात आली असती तर सगळे आधीच पळाले असते, पण ती अगदी सावकाश, एखाद्या थोर पाहुण्यासारखी, क्रेनची हद्द दाखवणारी रेघ ओलांडून माझ्या बाजूला आली. इशारेवाला ओरडला आणि उडी मारून बाजूला झाला. मी थांब म्हणालो. वॉकीटॉकीत देवस्य देवयोः देवानाम् चालू होतं. मी पुन्हा थांब म्हणालो. सप्तमी आली, संबोधन आलं, आणि मग मी न सांगताच नदी सुरू झाली.

कॉइल माझ्या खुर्चीवर उतरली. अलगद, व्यवस्थित, जिथे ठेवायची तिथेच ठेवावी तशी. खुर्चीचा आता पत्रा झाला आहे. उशी असती तर मी त्या खुर्चीत बसलेला असतो. हे वाक्य मी संध्याकाळपासून मनात बरेचदा म्हणून पाहिलं. त्यात व्याकरणाची चूक नाही.

कुणीतरी खालून वीज तोडली. मग मी शिडी चढलो. चढता येते, ताई. दोन्ही हात दांड्यांवर होते, डोळे अर्धे उघडे, ओठ हलत होते. खांद्याला हात लावला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कॉइल ठेवली का, असं विचारलं. मी म्हणालो, ठेवली.

शिट्टीसाहेबांच्या यंत्राची मी एवढी टर उडवली. त्यांचं यंत्र निदान सकाळी चुकलं, माझं गेले कित्येक दिवस चुकत होतं आणि वर मी त्याची फुशारकी तुला लिहून पाठवत होतो. लोभ कसा मागावा ते आज सुचत नाही.

पंडित

स्टोअरमधून
ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

आपण दोन गल्ल्यांवर राहतो तरी पत्र लिहितोय, कारण समोर आलास की तू बोलतोस आणि मी ऐकतो, अशी आपल्या घरची रीत आहे.

माझ्या दिव्याचा रंग हिरवा होता. चौकशीत साहेब लोक क्रेनचा ब्रेक नादुरुस्त असं लिहायला तयार होते. फोरमन तसं सांगून मोकळाही झाला होता. तू उठलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, ब्रेक ठीक आहे, माझा भाऊ झोपला होता. खरं बोललास. अभिनंदन. आता खरं बोलल्याबद्दल मी इथे स्टोअरमध्ये बसून नट आणि बोल्ट वेगळे करतोय. शेजारी स्टोअरकीपर. तो अकरानंतर फार प्रेमळ होतो आणि मला थिनर विचारतो.

वर मी कुणाला लंगडताना दिसत नव्हतो. वर सगळा कारखाना माझ्या दोन हातांवर चालायचा आणि कंबरेला कुणी काम सांगत नव्हतं. इथे खालचा खण उघडायचा म्हटलं तरी शेजारच्याला हाक मारावी लागते. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, दया यावी म्हणून नाही.

तुझी उशी माझ्या पाठीशी आहे. शिट्टीसाहेबांनी स्वतः आणून दिली. त्या दिवशी चौकशीला बसवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं माहीत आहे? शिडी चढताना कंबरेत कुठे दुखतं, कितव्या पायरीला. वर्षभर रोज ती शिडी चढतोय. तू मला वर्षभरात देव विचारलास, नदी विचारलीस, वधूसुद्धा विचारलीस.

गोळ्या आता डॉक्टर सांगतील तशाच घेईन. हे तुझ्यासाठी नाही, ही घरात बोलत नाही म्हणून.

मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा असतो, तेव्हा तो असू दे.

धाकटा

घरून
ता. १८ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं शाईचं पत्र कॉइलनंतर दोन दिवसांनी पोचलं. मला ते नाक आठवलं. तेव्हापासून दुसरं काही आठवत नाही.

तुझ्या करमणुकीसाठी बातम्या: चौकशी समिती बरेचदा बसली, पुष्कळ चहा झाला, आणि निष्कर्ष असा निघाला की खुर्ची चुकीच्या जागी होती. नवीन खुर्ची आता भिंतीला स्क्रूने पक्की केली आहे, म्हणजे पुन्हा तिला कॉइलच्या वाटेत यायची बुद्धी होऊ नये. पहारेकऱ्याला रेघेवर मऊ चपला घालायची परवानगी मिळाली. स्टोअरकीपर अजून हिरवा आहे आणि बहुधा हिरवाच निवृत्त होईल. रक्तदाबाच्या गोळ्यांचं मी फाटकावर सांगून टाकलं, तर मला दोन दिवस घरी बसवलं. तुझ्या थोरल्या भावजयीने त्या दोन दिवसांत माझ्याकडून माळा साफ करून घेतला.

धाकटा आता बोलतो. म्हणजे मला शिव्या देतो, पण मन लावून. गोळ्या अर्ध्यावर आल्या आहेत, डॉक्टरांनी त्याला पुन्हा क्रेनच्या कामाला योग्य ठरवलं, फाटकावर तो रोज हिरवा. शिट्टीसाहेबांनी मात्र एक नवा नियम काढला आहे. क्रेनवर चढणाऱ्याला त्याच्या वरच्या माणसाने आधी समोर बसवून पाहायचं आणि तोंडाने सांगायचं की हा योग्य आहे. म्हणजे मी.

म्हणून हल्ली सकाळी आम्ही दोघे चहा घेऊन समोरासमोर बसतो. मी संस्कृत विचारत नाही. कंबर विचारतो, झोप विचारतो, मोज्यांची चौकशी करतो. तो नीट उत्तरं देतो, हसतो, कपबशी हातात धरून असतो, सांडत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. परवा वैतागून म्हणाला, काय बघतोस, माझ्या नाकाला पुन्हा शाई लागली आहे का?

काल मी शिट्टीसाहेबांकडे जाऊन सांगितलं की मला सांगता येत नाही. वाटलं, ते आता मला माझी अडीच हजार वर्षं परत करतील. पण ते म्हणाले, मलाही येत नाही, म्हणून तर यंत्र आणलं. आणि धाकट्याचं चढणं आठवडाभर पुढे ढकललं. त्याने पुन्हा बोलणं टाकलं आहे.

ताई, आता थट्टा पुरे. आठवडाभर नाही म्हणणं सोपं आहे. त्याला जन्मभर स्टोअरमध्ये बसवता येणार नाही, तो तिथे खचत चालला आहे. एक दिवस मला हो म्हणावं लागेल, आणि तो वर जाईल, आणि खाली माणसं उभी असतील. मी त्याला पाळण्यात असल्यापासून बघतोय. तरी तो समोर बसून माझ्याशी बोलत असताना जागा आहे की नाही, हे मला ओळखता येत नाही. ज्या दिवशी हो म्हणेन त्या दिवशीही ओळखता येणार नाही, ही भीती आहे.

तू वॉर्डात इतकी माणसं पाहिलीस. चार दिवस येऊन जा आणि त्याच्यासमोर बस.

कळावे, आणि लवकर यावे.

तुझा,
पंडित